जुनी गाडी आणि विदर्भातला पावसाळा: गळती, गंज, रेडिएटर आणि आरसीची कामं पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझी गाडी २००८ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक आहे. २०१९ मध्ये ओळखीतल्या एका मास्तरांकडून घेतली, तेव्हाच ती ११ वर्षांची होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. इथं गाडी सुरू होणं ही सोयीची गोष्ट नसते, गरजेची असते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तीन दिवसांची झड लागली होती. रात्री दीडच्या सुमारास बाबांना दम लागला. मी किल्ली फिरवली, मीटरचे दिवे मिणमिणले आणि विझले. खाली पाय टेकवला तर मॅटमधून पचकन पाणी वर आलं. शेवटी शेजारच्यांच्या मालवाहू गाडीत बाबांना पुढं बसवून दवाखान्यात नेलं. बाबा बरे झाले. पण त्या पाण्याचा माग काढायला मला पुढं दोन पावसाळे लागले. त्या काळात दारांची रबरं बदलली, पुढची काच काढून परत बसवली, दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं, आणि पाणी येतच राहिलं. तुमचे ते दोन पावसाळे आणि तेवढे पैसे वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

जुन्या गाडीत पाणी दोन बाजूंनी सांभाळावं लागतं. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही आणि रेडिएटरमधलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचा काळ या कामासाठी सगळ्यात चांगला. ऊन कडक असतं, ओलं झालेलं एका दिवसात वाळतं. पाऊस सुरू झाला की मिस्त्रीकडेही रांग लागते आणि ओल्या पत्र्यावर कुठलंही सीलंट धरत नाही.

१. आधी सामान जमवा

यातलं बरंचसं घरातच सापडेल, बाकीचं तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं:

- बागेला पाणी घालायची रबरी नळी (कारंज्याचं तोंड नको, साधी धार हवी)
- चांगला टॉर्च, शक्य असेल तर डोक्याला लावायचा
- जुनी वर्तमानपत्रं, भरपूर
- टाल्कम पावडर किंवा खडूची पूड
- पेचकस, १० आणि १२ नंबरचा पाना, प्लास्टिकच्या क्लिपा काढायला चपटी पट्टी
- मऊ नायलॉनची दोरी किंवा जाड मासेमारीचा धागा (नळ्या मोकळ्या करायला, तार नको)
- तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड प्रायमर
- पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी)
- डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरायचं द्रव)
- एक वही

वहीला हसू नका. कोणत्या तारखेला काय तपासलं, कुठं पाणी टाकलं, कुठं निघालं, किती किलोमीटरला काय बदललं, हे लिहून ठेवलं नाही तर तेच काम तुम्ही तीनदा कराल. मी केलं आहे.

२. आत आलेलं पाणी कोणतं, ते आधी ओळखा

गाडीत ओल दिसली की लगेच "काच गळते" म्हणून मोकळं होऊ नका. चार प्रकारचं पाणी असू शकतं आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

एसी लावल्यावरच ओल येत असेल, पाणी स्वच्छ असेल आणि त्याला कसलाच वास नसेल, तर ते एसीचं आहे. डॅशबोर्डमागच्या कॉइलवर साचणारं पाणी एका छोट्या नळीनं गाडीखाली पडायला हवं. उन्हाळ्यात एसी चालू ठेवून उभ्या गाडीखाली पाण्याचे थेंब दिसतात ना, तेच. ते थेंब पडत नसतील तर नळी धुळीनं बुजली आहे आणि पाणी आत उलटतं आहे. गाडीखालून ती नळी शोधा आणि हलक्या हवेनं किंवा नायलॉनच्या धाग्यानं मोकळी करा. टोकदार तार आत खुपसू नका. कॉइलला भोक पडलं की एसीचा गॅस गेला आणि खर्च कितीतरी पटीनं वाढला.

पाणी बोटाला चिकट लागत असेल, हिरवं किंवा गुलाबी दिसत असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची कॉइल फुटली आहे. ते कूलंट आहे. ते चाखून बघायचं नाही, आणि लेकरं, कुत्री, गुरं यांना त्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे.

फक्त डबक्यातून गाडी गेल्यावर ओल येत असेल तर पाणी खालून येतं आहे: फरशीच्या पत्र्याला पडलेलं गंजाचं भोक, नाहीतर पत्र्यातल्या गोल भोकांची निघून गेलेली रबरी बुचं.

आणि फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर येत असेल, तर ते वरून येणारं पाणी. सगळ्यात जास्त फसवतं ते हेच, म्हणून पुढच्या तीन पायऱ्या त्याच्यासाठी.

३. पहिलं बॉनेट उघडा आणि वायपरखाली हात घाला

पुढच्या काचेच्या खाली, वायपर जिथून निघतात तिथं, एक प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळलेलं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागं बाहेर पडतं. याच पन्हाळीतून गाडीचा ब्लोअर बाहेरची हवा आत ओढतो. आता विचार करा, टोकाची भोकं बुजली तर काय होईल? पन्हाळ भरेल, पाणी ब्लोअरच्या तोंडापर्यंत चढेल आणि तिथून थेट डाव्या सीटच्या पायाशी उतरेल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूलाच असतो.

माझी गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असायची. सावलीला म्हणून. तालुक्याच्या ज्या मिस्त्रीनं शेवटी हे शोधलं, त्यानं काचेला हातसुद्धा लावला नाही. डाव्या पायाशी उताणा झोपला, टॉर्च वर मारला आणि माझ्या मुलीला म्हणाला, "बाई, तू फक्त लोट्यानं काचीवर पानी टाक, हळू हळू." दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग डॅशबोर्डच्या मागून, वायरच्या जुडग्यावरून एक थेंब घरंगळत आला, जुडग्याच्या वाकणावर थांबला, फुगला आणि त्याच्या गालावर पडला. त्यामागं दुसरा. "पानी काचीतून नाई येऊन रायलं भाऊ," तो झोपल्या झोपल्या म्हणाला, "कुठंतरी जमा होऊन रायलं." जाळी काढली तेव्हा पन्हाळीत चार बोटं जाड काळा लगदा होता. निंबाची पानं, निंबोळ्या आणि कापसाच्या गाड्यांमागून उडणारी धूळ. दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून काढला. तो खाली टाकला तेव्हा त्याला गोठ्यातल्या खतासारखा वास येत होता. त्या लगद्यापायी मी चांगली काच काढून परत बसवली होती.

तुम्ही करायचं ते एवढंच: वायपर काढा (आधी त्यांच्या जागेवर खडूनं खूण करा, नाहीतर परत बसवताना कोन चुकतो), जाळीच्या क्लिपा सैल करा, हातानं पानं उचला आणि मग दोन लोटे पाणी टाकून दोन्ही चाकांमागून धार पडते का ते बघा. एका बाजूनं पडत नसेल तर खालून भोकात नायलॉनची दोरी घाला. सगळा कचरा काढायच्या आधी जोरात पाणी मारू नका, तो भोकात अजून घट्ट बसतो. हे काम मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा करावं. गाडी झाडाखाली लावत असाल तर मध्येही एकदा.

४. तरीही गळत असेल तर नळीची चाचणी

या चाचणीला दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर नळी घेऊन. आतली मॅट आणि तिच्याखालचा नमदा (फेल्टचा जाड थर) उचलून ठेवा, डाव्या-उजव्या बाजूचं प्लास्टिक काढता येत असेल तर काढा. कोरड्या सांध्यांवर पावडर शिंपडा. पाणी आलं की पावडरीवर रेघ उमटते आणि ती रेघ तुम्हाला उलटी वर नेते.

बाहेरच्या माणसानं धार बारीक ठेवायची आणि खालून सुरुवात करायची. आधी दाराची खालची कड, मग मधली, मग काचेची खालची कड, काचेच्या बाजू आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागी निदान पाच मिनिटं. हा क्रम मोडू नका. छतापासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. प्रेशरच्या मशीननं ही चाचणी करूच नका. त्या दाबानं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि मग नसलेली गळती दुरुस्त करत बसाल.

पाण्याची टंचाई असेल तर दुसरी युक्ती. सगळ्या काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगानं सोडा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथं बुडबुडे येतात.

छताच्या दोन्ही कडांना लांबलचक पट्टीखाली खोबण असते. तिथलं सीलंट उन्हानं तडकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीचं छत त्याहून कितीतरी जास्त तापतं, त्यामुळं रबर आणि सीलंट इथं लवकर कडक होतं. कॅरियरचे बोल्ट आणि अँटेनाचं बूड यांच्याखालचे वॉशरही याच कारणानं जातात.

काचेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीसारख्या गाड्यांत पुढची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. नंतरच्या गाड्यांत ती पीयूनं चिकटवलेली असते. पहिल्या प्रकारात रबर बदलता येतं. दुसऱ्या प्रकारात वरवरची पट्टी बदलून काहीच होत नाही, काच नीट काढून, जुना पीयू कापून, प्रायमर लावून परत चिकटवावी लागते. नवी काच बसवल्यावर पीयू पूर्ण धरेपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, गाडी खड्ड्यांतून नेऊ नका आणि दार धाडकन लावू नका. बसवून झाल्यावर कारागिरासमोरच नळीनं पाणी मारून बघा. तो घाई करेल. तुम्ही करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिसेल तिथं साधं सिलिकॉन भरणं. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही चिकटत नाही. पत्र्याच्या सांध्याला पीयू वापरा, दिव्यांच्या गास्केटला आणि दाराच्या आतल्या कागदाला ब्युटाइल टेप. आणि वाट सापडल्याशिवाय काहीच लावू नका.

५. दारं आणि डिक्की

दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात उतरतं, हे नव्या गाडीतही होतं. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आपली काळी माती या भोकांत शिरून वाळली की सिमेंटसारखी होते. पांदण रस्त्यानं वावरात गाडी नेत असाल तर ही भोकं महिन्यातून एकदा काडीनं साफ करा. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल तर भोकं बुजलीच आहेत असं समजा. तसंच राहिलं तर दाराची खालची कड आतून सडते.

दाराच्या आतल्या पॅनलमागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाणी दारातच ठेवतो. स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा काचेची मोटार बसवताना तो हमखास फाडला जातो आणि परत लावला जात नाही. दाराची रबरं चांगली आहेत, तरी दाराशेजारची मॅट ओली होते, तर पॅनल काढून हा कागद बघा. जाड पॉलिथिन कापून ब्युटाइल टेपनं लावला की काम होतं. कागदाची खालची कड दाराच्या फटीत आत वळवायला विसरू नका, नाहीतर पाणी त्याच्याच मागून बाहेर येईल.

दाराचं रबर तपासायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर तिथं दाब नाही. रबर बदलण्याआधी दाराचं कुलूप जिथं अडकतं ते कडं थोडं आत सरकवून बघा. बिजागऱ्या झिजून दार खाली आलेलं असेल तर नवं रबरही गळेल.

डिक्कीत स्टेपनी उचलून खाली बघायची सवय लावा. तिथं पाणी असेल तर बहुधा मागच्या दिव्यांचं गास्केट किंवा डिक्कीचं रबर.

६. ओल पूर्ण काढा, अर्धी नको

वरची मॅट कोरडी लागते म्हणून फसू नका. तिच्याखाली नमद्याचा जाड थर असतो, तो पंधरा-पंधरा दिवस ओला राहतो. कुबट वास येतो तो त्याचाच. सीट सोडवा (चार बोल्ट असतात, पण सीटखाली एअरबॅगची पिवळी वायर दिसली तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या), नमदा बाहेर काढून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, पत्रा पुसून उघडाच वाळू द्या.

नमद्याखाली आणि दाराच्या कडेला वायरचे जोड असतात. त्यात हिरवट भुकटी दिसली तर बॅटरीची वायर काढून जोड उघडा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा. माझी गाडी त्या रात्री याच कारणानं सुरू झाली नाही. ओल्या जोडातून रात्रभर करंट झिरपून बॅटरी उतरली होती, आणि मी दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घेऊन आलो. ती आठवड्यात परत उतरली.

७. गंज: खरवडल्याशिवाय रंग नाही

फरशीचा पत्रा, चाकांच्या कमानी, दाराखालचा पायरीचा भाग आणि जॅक लावायची जागा, एवढं पेचकसच्या मुठीनं ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पोपडा निघाला तर तारेच्या ब्रशनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, मग प्रायमर, सांध्यावर सीलंट, मग रंग. पेचकस आरपार गेला तर ते वेल्डिंगचं काम आहे. फायबर किंवा एम-सीलचं ठिगळ तिथं लावून घेऊ नका.

गाडीच्या खालून काळं अंडरकोटिंग मारून देणारे बरेच भेटतील. कोटिंगआधी खालचा चिखल धुऊन, वाळवून, गंज काढला आहे का ते स्वतः खाली वाकून बघा. चिखलावर मारलेलं कोटिंग ओल आतच दाबून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. गाडी विकत घेतानाही नवंकोरं अंडरकोटिंग दिसलं तर खूश होऊ नका, खाली काय झाकलं आहे ते विचारा.

८. रेडिएटर: जे पाणी आतच राहायला हवं

एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळेच बघतो. त्यातल्या बहुतेकांनी वर्षभर बोअरचं पाणी भरलेलं असतं. आपलं बोअरचं पाणी जड. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात तर ते खारटच असतं. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात आणि खारट पाणी ॲल्युमिनियम कुरतडतं. डब्यावर लिहिल्याप्रमाणे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून भरा. आधीच मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रस्त्यात अडचण आली आणि साधं पाणी घालावं लागलं तर घाला, इंजिन वाचवणं महत्त्वाचं. पण आठवड्याच्या आत ते काढून टाका.

सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफेचं पाणी थेट तोंडावर येतं.

पातळी वरचेवर कमी होते, म्हणजे गाडी पाणी खाते. तर या क्रमानं बघा: झाकणाचं रबर आणि स्प्रिंग (सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी), वरचा-खालचा होज पाईप आणि क्लिपा, रेडिएटरच्या कडांवर सुकलेले पांढरे-हिरवे डाग, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. त्या भोकातून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टच्या मागं असतो, तिथं पंप आणि बेल्ट एकदमच बदलून घ्या, उघडझाप एकदाच होते.

बाहेर कुठंच थेंब नाही आणि तरी पाणी कमी होतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तर हेड गास्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) बघायला हवं. झाकणाखाली थोडीशी साय थंडीत, जवळच्या फेऱ्यांमुळंही धरते. एवढ्याच खुणेवर इंजिन उघडू देऊ नका, प्रेशर टेस्ट करायला सांगा.

आणखी एक सल्ला तुम्हाला मिळेल: "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही." नाही म्हणा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. ते नसलं की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. बिघडलं असेल तर नवं बसवा. रेडिएटरचा पंखा मात्र न चुकता तपासा. एसी लावल्यावर तो फिरायला हवा.

९. गावाकडच्या गाडीची बारीकसारीक कामं

सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर येतात आणि गाडीची वायरिंग त्यांना आवडते. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस-चिंध्यांचं घरटं मी दोनदा काढलं आहे. पोत्यांच्या खोलीशेजारी गाडी लावू नका, आठवडाभर उभी असेल तर बॉनेट उघडून बघा. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला काढून झटका, कापसाच्या हंगामात तर नक्कीच.

चाकाजवळ ड्राइव्ह शाफ्टला घडीचं रबरी बूट असतं. ते फाटलं की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. बूट वेळेत बदललं तर शाफ्ट वाचतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर तडकलं असेल तर तो टायर लांबच्या प्रवासाला नको. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो वापरायचाच नाही. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे रबरी पाईप त्यानं लवकर खराब होऊ शकतात. वाकवून बघा, चिरा दिसल्या की बदला.

नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. आणि पाण्यात बंद पडलीच तर किल्ली परत फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

१०. कागदपत्रं: १५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगार नव्हे

१५ वर्षांची गाडी भंगारात घालावीच लागते, असं सांगून कमी भावात गाडी मागणारे गावोगाव फिरतात. १० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी यावरची बंदी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या परिसरासाठीची आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि नंतर गाडी तपासून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. माझी २०२३ मध्ये वाढवली.

मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करा. लागतात ती कागदपत्रं:

- मूळ आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र)
- नमुना २५ मधला अर्ज
- चालू विमा (निदान थर्ड पार्टी)
- चालू पीयूसी
- पर्यावरण कर भरल्याची पावती
- पॅन किंवा नमुना ६० (पॅन नसेल तर भरायचा)
- चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा
- आधार आणि पत्त्याचा पुरावा

२०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे. २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. थकलेली चलनं आधी भरून टाका. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी. तपासणी कुठं होणार ते अपॉइंटमेंटच्या पावतीवर बघूनच निघा. तालुक्याच्या शिबिरात सगळी कामं होत नाहीत, आणि ६० किलोमीटर जाऊन परत येणं मी अनुभवलं आहे.

तपासणीला जाण्याआधी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, सीटबेल्ट स्वतः चालवून बघा. चेसिस नंबरच्या जागेवर गंज असेल तर मऊ ब्रशनं, आकडे न घासता साफ करा. आकडे वाचता आले नाहीत तर काम अडतं.

११. पहिली झड लागली की

सगळी कामं झाल्यावरही पहिल्या मोठ्या पावसाच्या आदल्या रात्री मॅट काढून चारही जागी आणि डिक्कीत कोरडी वर्तमानपत्रं अंथरून ठेवा. गाडी उघड्यावर लावा, नाक जरा उताराकडं. सकाळी कागद उचला, ओल्या डागाभोवती पेननं रेघ मारा आणि तारीख घाला. दुसऱ्या पावसात गाडी उलटी, शेपूट उताराकडं लावून तेच करा. डाग सरकला तर पाणी दुसरीकडून येऊन वाहत तिथं पोचतंय. तिथंच राहिला तर त्याच्या सरळ वर बघायला सुरुवात करा. दोन्ही कागद कोरडे निघाले तर मॅट अंथरा, वहीत तारीख टाका आणि गाडी परत निंबाखाली लावू नका.